एकट्याला खरजेचं औषध नाही

मिरजेत आमचं औषधांचं दुकान आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आणि दवाखाना तिथं मेडिकल, त्यातलंच एक आमचं. काउंटरमागे बसून माझी इतकी वर्षं गेली आहेत की गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याला काय हवंय ते मला कळतं. खरूज झालेला माणूस तर सगळ्यात आधी कळतो. तो दुकान रिकामं व्हायची वाट बघत बाहेर रेंगाळतो. मग आत येऊन डोकेदुखीची गोळी मागतो आणि जाता जाता, जणू आत्ताच आठवलं असं दाखवत, म्हणतो, "ॲलर्जीसाठी पण काहीतरी द्या." त्याच्या बोटांच्या बेचक्यांकडे नजर टाकली की ॲलर्जीचं खरं नाव समजतं. घरात आणखी कुणाला खाज आहे का, असं विचारलं की तो दचकतो. छे, आमच्याकडे नाही कुणाला, मला एकट्यालाच. एक ट्यूब घेऊन जातो आणि काही दिवसांनी त्याच खाजेसह परत येऊन माझ्या ट्यूबला नावं ठेवतो.

ट्यूबच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावा, कपडे आणि अंथरुणं धुवा, असं त्यात छापलेलं असतं. तो कागद उलगडणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे.

एकदा फोनवर मी मंगलपुढे याच विषयावर तणतणत होते. मंगल माझी मावसबहीण. लग्न होऊन आंबेगाव तालुक्यात अवसरी बुद्रुकला गेली, सरकारी नर्स झाली आणि डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यावस्त्यांमधे तिनं सगळी नोकरी काढली. आता निवृत्त आहे. माझं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आमच्या वरच्या भागात एक बाई आहे. झाडपाल्याचं औषध देते. एकट्या माणसाला ती औषधच देत नाही. सगळं घर घेऊन या म्हणते, गोधड्यांसकट."

"आणि लोक ऐकतात?"

"तू ये आणि बघ. त्यांचा गोधड्या उकळायचा दिवस जवळ आलाय."

संक्रांत होऊन गेली होती, थंडी अजून होती. दुकान नवऱ्याच्या हवाली केलं, दोन-चार सूचना दिल्या, त्या तो पाळणार नाही हे गृहीत धरलं आणि निघाले.

जुन्नर

मंगलचा हुकूम होता की आधी जुन्नरला उतर, बाजारातल्या चाचांना भेट आणि मगच अवसरीला ये. चाचांचं काष्ठौषधीचं दुकान जुन्या पेठेत आहे. बाहेरून दिसतात फक्त पोती, आत गेलं की वास. सुंठ, वावडिंग, हिरडा, नागरमोथा आणि आणखी कशाकशाचा मिळून असा एक वास होता की मला माझ्या दुकानाची, त्या काचेची आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांची थोडी लाजच वाटली. आमच्याकडे सगळं औषध असतं, पण वास कशालाच नसतो.

चाचा सत्तरीच्या पुढचे, पांढरी दाढी, डोक्याला गोल टोपी, गळ्यात मफलर. मी खरजेवरची औषधं विचारल्यावर त्यांनी आधी माझ्या हातांकडे बघितलं. हे मला फार आवडलं, कारण मीही हेच करते.

"मला नाही झालेली," मी सांगितलं.

"सगळे असंच म्हणतात, ताई," ते म्हणाले आणि हसले. मग एकेक डबा उघडून दाखवायला लागले. टाकळ्याचं बी, कडुलिंबाची वाळकी साल, गंधक, बावची. बावचीचे काळे दाणे मी चिमटीत घेतले तर त्यांनी ते हळूच काढून परत डब्यात टाकले. "ही लई गरम. लावून उन्हात बसलं का फोड येतात. इचारल्याशिवाय मी कुनाला देत न्हाई. मोबाईलमधी बघून येतात पोरं, बावची द्या, बावची द्या. मी म्हनतो, भाऊ, आधी हात दाखव."

धारूबाईकडे निघालेय म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. धारूबाई म्हणजे मंगलनं सांगितलेली ती बाई. चाचांच्या नातवाला शिकवणीच्या वर्गातून खरूज लागली होती आणि दुकानातली सगळी औषधं करूनही ती घरात फिरत राहिली होती. "माझ्या दुकानात सगळं हाय, पण घरात माझं ऐकतंय कोन? सुनंनं लावलं तर पोरगा लावत न्हाई, पोरानं लावलं तर बेगम म्हनती मला काय झालंय. शेवटी गाडी केली आन् सगळे वर गेलो. धारूबाई बेगमला एक शब्द बोलली न्हाई. नुसतं म्हनली, बाई, तुमी न्हाई बसला तर ह्यांना पन उठवते. बेगम बसली."

"आणि गाद्या?"

"त्या पन नेल्या व्हत्या टेम्पोत. कापसाच्या गाद्या कशा उकळनार? मग चांगलं कडक ऊन दिलं."

निघताना त्यांनी धारूबाईसाठी करंजाच्या तेलाची एक बाटली दिली. घाण्यावरचं, कडू, गडद तेल. चाचांचा सलाम सांगा म्हणाले. मी ती बाटली साड्यांच्या मधे नीट गुंडाळून ठेवली आणि तिथंच माझं चुकलं.

अवसरी बुद्रुक

करंजाच्या तेलाचा वास ज्याला माहीत नाही त्याला तो सांगून कळणार नाही. ज्याला माहीत आहे तो तुमच्यापासून लांब बसतो. नारायणगावच्या पुढे एस.टी.त माझ्या शेजारची बाई उठून मागे गेली. मंचरपर्यंत माझ्या आसपासची बाकडी मोकळी झाली होती आणि कंडक्टर माझ्याकडे फार सहानुभूतीनं बघत होता. उतरल्यावर पिशवी उघडली तर बाटलीचं बूच सैल झालेलं, अर्धं तेल माझ्या दोन साड्यांत आणि एका स्वेटरमधे. मंगल न्यायला आली होती. लांबूनच वास घेऊन म्हणाली, "तू औषध बघायला आलीस का घ्यायला?"

अवसरीत सध्या कांदा आणि ऊस. उसामुळे बिबट्या. दिवस कलायच्या आत मंगलनं मला घरात घेतलं, कारण मागच्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यातलं कुत्रं नेलं होतं. लोक त्याच्याबद्दल बोलतात ते एखाद्या भाऊबंदाबद्दल बोलावं तसं, वैतागून पण ओळखीनं. आज ह्या मळ्यात दिसला, काल त्या विहिरीपाशी बसला होता. मिरजेत आम्ही रात्री उशिरा पाय मोकळे करायला निघतो हे सांगितल्यावर मंगलचे यजमान म्हणाले, "तुमचं बरंय राव."

जेवायला मासवडी होती. नावात मासा, आत मासा नाही. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण, खसखस यांचं सारण भरून गुंडाळी करायची, तिच्या वड्या कापायच्या आणि वर झणझणीत काळा रस्सा ओतायचा. आम्ही मिरजेकडची माणसं तिखटाचा फार अभिमान बाळगतो. मी दुसऱ्या वाटीनंतर गुपचूप पाणी मागितलं.

जेवताना मंगलनं मला खरी गोष्ट सांगितली. धारूबाईची लेक सुमन. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, सासर धरणाच्या पलीकडच्या काठाला. पहिल्या संक्रांतीला माहेरी आली ती अंगभर खरूज घेऊन. सासू हौसाबाई म्हणते की खरूज पोरीनंच आणली. जिच्या घरी तालुक्याची खरूज येते तिच्या घरातली पोरगी केली आणि फसलो. आमच्या घरात बाकी कुणाला काही नाही. पोरगी बरी झाली की पाठवा.

"मग आईनं औषध दिलं असेल की," मी म्हटलं.

मंगल म्हणाली, "तेच तर. देत नाही."

डिंभ्याच्या वर

घोडेगाव मागे टाकून डिंभ्याच्या धरणापाशी आलं की रस्ता पाण्याच्या कडेकडेनं वर चढायला लागतो. पुढं तो भीमाशंकरला जातो. शिवरात्र जवळ येत होती, म्हणून वाटेवरच्या हॉटेलांना रंग देणं चाललं होतं. आम्ही मधेच डावीकडे वळलो. खाली निळं पाणी, वर कापून झालेली भाताची खाचरं पायऱ्यांसारखी, आणि बांधाबांधावर हिरड्याची मोठी झाडं. हिरडा आम्ही पुडीत विकतो. तो इतक्या मोठ्या, देखण्या झाडाला लागतो हे मला पुस्तकातून माहीत होतं, डोळ्यांना माहीत नव्हतं. गाडी थांबवून मी खाली उतरले आणि बघत उभी राहिले. मंगलनं हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

वाडी लहान, महादेव कोळ्यांची. कुडाच्या भिंती, काही घरांना आता विटा आणि पत्रा. धारूबाई अंगणात टाकळ्याच्या शेंगा बडवत होती. साठीच्या आसपासची, काटक, कपाळाला मोठं कुंकू. चाचांचा सलाम आणि उरलेलं तेल तिच्या हातात दिलं. तिनं बाटली बघितली, माझा स्वेटर हुंगला आणि म्हणाली, "निम्मं तुमीच लावून आलाय जनू."

मग तिनं मला रान दाखवलं. ओढ्याच्या कडेला करंज, त्याच्या चपट्या शेंगा अजून कोवळ्या. टाकळा पावसाळ्यात तर जिकडेतिकडे उगवतो, त्याची भाजी करतात. आता त्याची वाळकी काटकुळी झुडपं उरली होती आणि त्यातलं बी तिनं गोळा करून ठेवलं होतं. ते ताकात भिजवून आंबू द्यायचं, मग वाटायचं, हळद घालून करंजाच्या तेलात कालवायचं. निरगुडीचा पाला मात्र अंगासाठी नाही, गोधड्यांच्या उकळत्या पाण्यासाठी. ती पुढं चालत एकेक झाड हातानं दाखवत होती आणि मी मागून नाव घेत होते. एखाद्याचं मला शास्त्रीय नाव ठाऊक असे, तिला त्याची चव. आमचं चांगलं जमलं.

परत आल्यावर तिनं माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला लेपाचं बोट लावलं आणि म्हणाली, "बसा आता. लाल झालं तर सांगा." प्रत्येक नव्या माणसाला ती आधी असं बोटभर लावून बसवते. एखाद्याच्या कातडीला सोसत नाही, त्याला ती पुढं लावत नाही. पू झालेला असेल किंवा अगदी तान्हं मूल असेल तर सरळ सरकारी दवाखान्यात पाठवते, असं मंगलनं सांगितलं. मंगल नोकरीत असताना तिच्या दवाखान्यात पोचलेली कितीतरी लेकरं धारूबाईनं पाठवलेली होती.

सुमन आतून चहा घेऊन आली. वीस-बावीस वर्षांची, अंगावर लग्नातली नवी साडी, हातात हिरवा चुडा. चुडा तिनं कोपरापर्यंत वर ढकलून ठेवला होता, कारण मनगटं सोललेली होती. बोटांच्या बेचक्यात ओरखडे, त्यावर नवे ओरखडे. माझ्या काउंटरवर मी हात खूप बघितलेत, पण हे हात बघून मला राहवलं नाही.

मी विचारलं, "ही खरूज सासरहून आली का इथूनच गेली?"

धारूबाईनं मान वर केली नाही. नुसतं बोटानं पाटा दाखवला. मला काही कळेना. मंगल हसत सुटली. मग तिनं सांगितलं की वाडीत एक रीत आहे. औषधाच्या अंगणात खरूज कुणाकडून आली हे कुणी विचारायचं नाही. जो विचारील त्यानं वाटायला बसायचं.

मी पदर खोचला आणि बसले. ताकात आंबलेलं टाकळ्याचं बी वाटणं म्हणजे काय ते मी सांगत नाही. दुकानात दिवसभर उभं राहूनही माझे खांदे कधी असे भरून आले नाहीत. धारूबाई शेजारी बसून शेंगा निवडत होती.

"आमी कुनाला इचारत न्हाई," ती म्हणाली. "इचारलं का भांडान सुरू. भांडान झालं का एक घर येतं, एक घर येत न्हाई. मग खरूज ऱ्हाती."

"पण लेकीला तरी द्या की. किती सोसतेय ती."

"तिची गोधडी तिकडं हाय, ताई. नवरा तिकडं. आज हिला लावलं, उद्या तिकडं जाऊन निजली का पुन्यांदा तेच. आन् लोकास्नी मी म्हनते समदं घर घिऊन या. माझ्या पोरीला तेवढं एकटीला दिलं, तर माझं कोन ऐकंल?"

मला तिचा राग आला. तिचं बरोबर आहे हे कळत होतं, त्या खोक्यातल्या कागदावरही तेच लिहिलेलं असतं, आणि तरी राग आला. धारूबाई उठून निरगुडी आणायला गेली तेव्हा मी पिशवीतून एक ट्यूब काढली. दोन-चार घेऊनच आले होते, सवयीनं. सुमनच्या हातात ठेवली आणि सांगितलं की मानेखालून सगळ्या अंगाला लाव, आईला कळायचं कारण नाही.

सुमननं ट्यूब उलटसुलट करून बघितली आणि परत माझ्या हातात दिली.

"नगं, ताई. मी एकटी बरी होऊन गेले तर मीच आनली व्हती असं ठरंल. मग जलमभर तेच."

"अगं, पण त्रास तुला होतोय."

"त्यांनाबी हाय. मी बघितलंय." मग तिनं ओठ मिटले, कारण तेही अंगणातच बोललेलं होतं. उठून ती गोठ्याकडे गेली.

दुपारी सुमनचा नवरा संतोष मोटरसायकलवरून आला. चाकणला कंपनीत कामाला आहे, सुट्टीला येतो. सरळ, अबोल पोरगा. अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि बोलता बोलता मनगट पॅंटला घासत राहिला. ते त्याच्या लक्षातही नव्हतं, सगळ्यांच्या मात्र होतं. तो म्हणाला, "मी येतो, मामी. आई न्हाई म्हनती. औषधाला बसले तर गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई म्हनती."

धारूबाईनं निरगुडीचा भारा खाली ठेवला. मग म्हणाली, "ईनबाईंना म्हनावं, औषधाला नगा येऊ. उद्या आमची कढई चढनार हाय, तुमच्या गोधड्या तेवढ्या घिऊन या. थंडीच्या गोधड्या, एकट्या बाईला धुवायला जड."

तो गेला. मंगल मला हळूच म्हणाली, "हौसाबाई फार मानी आहे. नाही यायची."

गोधड्यांचा दिवस

सकाळी अंगणामागे तीन दगडांवर मोठी कढई चढली. तीच कढई म्हणे लग्नाच्या भाताला वापरतात. तीत निरगुडीचा पाला आणि घराघरातून आलेल्या गोधड्या. जुन्या लुगड्यांच्या, बारीक टाक्यांच्या, काहींचे टाके इतके सुबक की उकळत्या पाण्यात टाकताना माझा जीव खालीवर झाला. बाया लांब काठीनं त्या ढवळत होत्या आणि एकमेकींच्या गोधडीवरून एकमेकींना चिडवत होत्या. ही कुणाच्या लग्नातली, त्या तुकड्याचं मूळ लुगडं कुणी कधी फाडलं, सगळी वाडीच कढईतून वर येत होती. मग सगळ्या गोधड्या कुंपणांवर, दगडांवर, पत्र्यांवर वाळत टाकल्या आणि डोंगर रंगीत झाला.

पुरुष ओढ्याकडे गेले, बाया घरामागे लुगड्यांचा आडोसा करून बसल्या. इथली आणखी एक रीत अशी की पारखायचं ते पहिलं बोट सोडलं तर औषध धारूबाई कुणालाच लावत नाही आणि स्वतःचं स्वतः लावायचं नाही. घरातल्यानं घरातल्याला लावायचं. आई लेकीला, जाऊ जावेला. नीट लागलंय की नाही ते धारूबाई फिरून बघते. कानामागं, बेंबीजवळ, नखांखाली. खाज नसलेलंही माणूस सुटत नाही. मिरजेत एका फ्लॅटमधली माणसं एकमेकांना कळू न देता एकाच डॉक्टरकडे तीन वेगळ्या वेळी जाताना मी बघितली आहेत. इथं पाच-सहा घरं उघड्या पाठीनं उन्हात बसली होती आणि हसत होती. मला त्या बायांचा फार हेवा वाटला.

मलाही बसवलं. मंगलनं मला लावलं, मी मंगलला. लहानपणी दिवाळीत मावशी आम्हाला तेल लावायची, त्यानंतर आम्ही एकमेकींच्या पाठीला हात लावला नव्हता. तिच्या खांद्यावर एक जुना व्रण दिसला, तो मी विसरलेच होते.

सुमन एकटी एका दगडावर बसली होती. तिच्या शेजारी लेपाची वाटी भरून ठेवलेली होती. धारूबाई तिच्यावरून चारदा गेली असेल, पण थांबली नाही. एकदाच तिच्या पायाशी वाकली आणि वाटीवर पळसाचं पान झाकून गेली, माती पडू नये म्हणून.

ऊन कलायला लागलं. बायांची अंगं झाली, ज्या त्या आपापल्या घरी भाकरी टाकायला उठल्या. कुणीतरी कढईखालचं लाकूड ओढायला गेलं तर धारूबाई म्हणाली, "राहू दे जळत." कढईत आता काहीच नव्हतं, नुसतं पाणी उकळत होतं. ती तिथंच उकिडवी बसून एकेक काटकी सारत राहिली. आदल्या दिवशी मला तिचा जो राग आला होता तो त्या वेळी गेला. आग तिला विझवायची नव्हती, एवढंच मला दिसलं.

पिकअप गाडी वर चढल्याचा आवाज आला तेव्हा आधी कुणी उठलं नाही. शिवरात्रीच्या तयारीनं दिवसभर गाड्या चालूच होत्या. मग संतोष आला, त्याच्या डोक्यावर गोधड्यांचं केवढं तरी गाठोडं, आणि मागून हौसाबाई. उंच, ताठ, दोन्ही हात पदराखाली.

"गोधड्या आनल्यात," त्या धारूबाईला म्हणाल्या. "पानी गार व्हायच्या आत टाका. मला परत जायचंय."

"टाकते की. या, ईनबाई, बसा," धारूबाई म्हणाली आणि पाणी द्यायला लावलं. गाठोडं सुटलं. घरातली सगळी अंथरुणं होती त्यात, एकही मागं ठेवलेली नव्हती. हे मी बघितलं, मंगलनं बघितलं, अंगणात उरलेल्या बायांनीही बघितलं. संतोषला पुरुषांनी ओढ्याकडे नेलं.

गोधड्या उकळेपर्यंत हौसाबाई आडोशाला सुमनपासून दोन हातांवर बसल्या. सुमननं वाटीवरचं पान काढलं. वाटी घेऊन सासूपुढे बसली आणि हात पुढं केला. बराच वेळ हौसाबाईंचे हात पदराखालीच होते. मग त्यांनी एक हात बाहेर काढला.

मी दुकानात बसणारी बाई आहे, ताजी खरूज आणि जुनी खरूज मला ओळखता येते. त्या हातावरचे डाग काळे पडलेले होते, बेचक्यांतली कातडी जाड झाली होती. महिन्या-दोन महिन्यांचं ते काम नव्हतं. सुमन मान खाली घालून एकेक बोट सोडवून लेप लावत होती. धारूबाई जवळ उभी होती, तिनंही बघितलं आणि ती कढईकडे वळली.

विचारायची मनाई होती. कुणी विचारलंच नाही.

"मला दिवाळीच्या आदीपास्नं हाय," हौसाबाई म्हणाल्या. आवाज मोठा होता, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल इतका. "पोरगी तवा माझ्या घरात आलीबी नव्हती."

काठीनं गोधड्या ढवळणारा धारूबाईचा हात थांबला. सुमनचा थांबला नाही. तिनं मनगटापर्यंत लावून झाल्यावर दुसरा हात मागून घेतला, मग म्हणाली, "आत्या, पदर बाजूला घ्या. मान ऱ्हायली."

मान झाली, पाठ झाली. वाटी निम्मी उरली. हौसाबाईंनी ती सुमनच्या हातातून घेतली, तिला खांद्याला धरून वळवलं आणि पाठीवरची नवी साडी खाली केली. ती पाठ बघून त्या क्षणभर तशाच बसल्या. मग बोटं लेपात बुडवली.

इतके दिवस ती पोर कुणासमोर रडली नव्हती. आता तिचे खांदे हलायला लागले.

"झोंबतंय," ती म्हणाली.

"झोंबू दे," हौसाबाई म्हणाल्या. "मलाबी झोंबतंय." आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.